जुनी पेट्रोल गाडी पावसाळाभर उभी ठेवताना : प्लगवरची काजळी आणि मृगापासून दसऱ्यापर्यंतची निगा

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत आजही एखाद्या वाड्याच्या पडवीत, कापसाच्या खोलीशेजारी किंवा संत्र्याच्या बागेतल्या टिनाच्या शेडमध्ये अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा पेट्रोलवर चालणारी जुनी जीप जपून ठेवलेली आढळते. मृग लागला की काळ्या मातीचे पांदणरस्ते चिखलाने बंद होतात, पेरणीची घाई सुरू होते आणि ही गाडी थेट दसऱ्याच्या पूजेपर्यंत जागेवर उभी राहते. दसऱ्याच्या सकाळी ती सुरू होत नाही, किंवा सुरू झाली तरी एका-दोन सिलिंडरवर मिसिंग करते. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढून पाहावेत तर ते काळे आणि ओले निघतात. मग नवे प्लग आणले जातात आणि महिन्याभरात तेही काळे पडतात. माझ्या मते या तक्रारीचे मूळ गाडी चार महिने उभी राहण्यात क्वचितच असते. ‘इंजिन जाम होऊ नये’ म्हणून दर आठवड्याला गाडी जागेवरच पाच-दहा मिनिटे सुरू करून बंद करण्याची जी सवय घरोघरी आहे, तिच्यात ते बहुतेक वेळा सापडते.

म्हणून या संपूर्ण लेखातला मुख्य नियम सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पावसाळ्यात गाडी सुरू करायची असेल, तर ती रस्त्यावर नेऊन इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे किमान पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. तशी सोय नसेल, तर ती मुळीच सुरू करू नये आणि पुढे दिलेल्या पद्धतीने शांतपणे उभी ठेवावी. या दोहोंच्या मधला मार्ग इंजिनाला सर्वांत जास्त घातक आहे.

प्लगवर काजळी का धरते

प्लगच्या मधल्या इलेक्ट्रोडभोवती सिरॅमिकचा पांढरा इन्सुलेटर असतो. बॅटरीचा दाब वाढवणाऱ्या कॉइलकडून आलेला हजारो व्होल्टचा दाब मधल्या आणि बाहेरच्या इलेक्ट्रोडमधल्या फटीपर्यंत टिकून राहावा, हे त्याचे काम. त्याच्यावर काजळीचा थर बसला, की काजळीतून वीज वाहू शकत असल्यामुळे दाब पुरेसा चढण्याआधीच ती त्या थरावरून प्लगच्या लोखंडी अंगात उतरते आणि फटीत ठिणगी पडत नाही, किंवा पडली तरी क्षीण पडते. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) आणि कॉइल यांच्यावर चालणाऱ्या जुन्या इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेत, हा दाब तुलनेने सावकाश चढतो, त्यामुळे थोडी काजळीही या गाड्यांना बाधते, तर नव्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्या तेवढीच काजळी सहज सोसतात.

ही काजळी जाळण्याची शक्ती प्लगमध्येच असते, मात्र त्यासाठी इन्सुलेटरचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते. गाडी रस्त्यावर भार घेऊन धावते तेव्हा हे तापमान सहज गाठले जाते. जागेवर उभ्या इंजिनात ते गाठले जात नाही. शिवाय थंड इंजिन सुरू करताना आपण चोक ओढतो, म्हणजे मुद्दाम पेट्रोल जास्त आणि हवा कमी देतो. त्यातले न जळलेले पेट्रोल काजळी होऊन थंड प्लगवर बसते आणि ती जळण्याआधीच आपण किल्ली फिरवून इंजिन बंद करतो.

दुसरे नुकसान पाण्याचे आहे. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण तेवढेच, म्हणजे सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते, कारण पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. तापलेल्या इंजिनातून ही वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. थंड इंजिनात मात्र तिचे पाणी होऊन ते सायलेन्सरमध्ये, सिलिंडरच्या भिंतींवर आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पावसाळ्यात जो दुधाळ चिकट थर दिसतो, तो बहुधा याच पाण्याचा असतो. तापलेल्या गाडीने एक लांब फेरी केल्यावरही तो परत येत राहिला आणि रेडिएटरचे पाणीही घटत असेल, तर मात्र हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीची, शंका घ्यावी.

प्लग वाचणे

गाडी उभी करण्याआधी प्लग वाचावेत, म्हणजे इंजिनाची प्रकृती कळते आणि दसऱ्याला तुलना करायला आधार मिळतो. वाचन खरे यावे म्हणून गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवावी आणि जागेवर घुरघुरत न ठेवता लगेच बंद करावी. इंजिन निवू द्यावे. विशेषतः ज्या गाड्यांचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, त्यांचे प्लग गरम असताना काढल्यास आटे निघून येण्याचा धोका असतो. प्लगच्या खोबणीत धूळ आणि तणसाचे बारीक तुकडे साचलेले असतात. ते हवेच्या पंपाने उडवून मगच पाना लावावा, नाहीतर सारा कचरा सिलिंडरमध्ये पडतो. प्लगच्या वायरींवर चिकटपट्टीने १ ते ४ असे आकडे लिहावेत. अँबेसेडर, पद्मिनी आणि चार सिलिंडरची पेट्रोल जीप, या तिन्हींचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असाच आहे, तरी वायरींची अदलाबदल हे दसऱ्याच्या सकाळचे एक नेहमीचे दुखणे असते.

काढलेले प्लग क्रमाने एका फळीवर मांडून दिवसाच्या उजेडात पाहावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी इन्सुलेटर म्हणजे सर्व काही ठीक. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काळी काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, एअर फिल्टर तुंबला आहे, चोक पूर्ण उघडत नाही, ठिणगी अशक्त आहे, किंवा गाडी फार थोडे अंतर चालते आहे. ओला, चकाकणारा, चिकट काळा थर ऑइलचा असतो आणि तो झिजलेल्या रिंगांकडे किंवा व्हॉल्व्हच्या गाइडकडे बोट दाखवतो. ओला, पण पेट्रोलचा वास येणारा आणि पुसल्यावर स्वच्छ होणारा प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येते आहे पण ते पेटत नाही. पांढराफटक, बारीक फोड आलेला इन्सुलेटर याच्या उलट गोष्ट सांगतो : मिश्रणात हवा जास्त आहे, ठिणगी पडण्याची वेळ (टायमिंग) चुकली आहे, किंवा प्लग त्या इंजिनासाठी प्रमाणाबाहेर गरम जातीचा आहे.

चारही प्लग सारखेच काळे असतील, तर दोष सर्वांना समान असलेल्या भागात, म्हणजे कार्बोरेटर, फिल्टर, कॉइल किंवा पॉइंटमध्ये शोधावा. एकच प्लग वेगळा असेल, तर दोष त्या सिलिंडरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा त्या प्लगमध्येच आहे. एवढा एक विवेक ठेवला, तरी बराच अनावश्यक खर्च वाचतो.

प्लगची ‘गरम’ (टोकाची उष्णता सावकाश सोडणारी) आणि ‘थंड’ (ती लवकर सोडणारी) अशी जात असते आणि तिचा आकडा प्लगवरच कोरलेला असतो. येथे एक गोष्ट फार लक्षात ठेवावी लागते : एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड जातीचा होतो, तर बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की तो गरम जातीचा होतो. जुन्या गाड्यांत ज्याला सगळे ‘मायको’चा प्लग म्हणत, ती मायको म्हणजे बंगळूरची १९५१ साली स्थापन झालेली कंपनी, २००८ पासून तिचेच नाव बॉश लिमिटेड झाले आहे. दुकानदाराने ‘हाच बसतो’ म्हणून दिलेला प्लग आट्यांना बसतो एवढ्यावरून तो त्या इंजिनाचा ठरत नाही. आट्यांची लांबी आणि जात दोन्ही माहितीपुस्तकाशी ताडून पाहावीत. सतत काजळी धरते म्हणून जास्त गरम जातीचा प्लग घालण्याचा सल्ला मेकॅनिक देतात. तो अगदी शेवटचा उपाय समजावा, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि तेव्हा तोच प्लग इंजिनाला त्रास देऊ लागतो.

प्लग स्वच्छ करताना आटे आणि लोखंडी भाग ब्रशने घासावेत, पण इन्सुलेटरवर तारेचा ब्रश फिरवू नये. ब्रशच्या धातूचे सूक्ष्म ओरखडे सिरॅमिकवर राहतात आणि त्यांतूनच वीज गळू लागते. इन्सुलेटरसाठी पेट्रोल, जुना दातांचा ब्रश आणि लाकडाची टोकदार काडी पुरेशी आहे. चुलीवर किंवा गॅसवर प्लग लाल करण्याची पद्धत सर्रास आढळते. तिच्याने काजळी जळते हे खरे, परंतु एकीकडून तापलेल्या सिरॅमिकला केसासारखी तडा जाऊ शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी ती पद्धत टाळायला सांगतो. इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर बारीक कानशीने त्या पुन्हा चौकोनी कराव्यात, कारण धारदार कडेवरून ठिणगी कमी दाबात उडते. मग फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट लावावी. अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाला ती सुमारे ०.६४ मिमी आणि जुन्या पेट्रोल जीपला सुमारे ०.७६ मिमी असते. फट कमी-जास्त करताना फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवावा, मधल्यावर जोर देऊ नये.

ठिणगी अशक्त असेल, तर स्वच्छ प्लगही काळा पडतो. पॉइंटवर खड्डे पडले आहेत का, त्यांची फट बरोबर आहे का (अँबेसेडरला ती सुमारे ०.४ मिमी, जीपला सुमारे ०.५ मिमी), कंडेन्सर जुना झाला आहे का आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये बारीक काळी रेघ उमटली आहे का, हे पाहावे. ती रेघ म्हणजे वीज गळण्याची वाट असते. ती पुसून जात नाही. कॅपच बदलावी लागते.

मृगाआधीचे काम

या गाड्यांबद्दलची परदेशी माहिती वाचणाऱ्यांना ती हिवाळ्यासाठी लिहिलेली आढळेल. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि रेडिएटरमधले पाणी गोठून ब्लॉक फुटण्याची भीती असते, म्हणून तिकडे गाडी हिवाळ्यात उभी करतात. आपल्याकडे हिवाळा हाच जुनी गाडी चालवण्याचा उत्तम काळ आहे. आपले शत्रू दमट हवा, चिखल आणि उंदीर हे आहेत, आणि तयारीही त्यांच्या हिशेबाने करावी लागते.

रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, पहिला मोठा पाऊस पडण्याआधी गाडी एकदा मनसोक्त लांब चालवून आणावी आणि गरम असतानाच ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावेत. जुन्या ऑइलमध्ये वर्षभरातले आम्ल, पाणी आणि पेट्रोल मिसळलेले असते. ते चार महिने बेअरिंगला लागून राहू नये, एवढाच हेतू आहे. त्यानंतर गाडी खालून धुवावी. मडगार्डच्या आतल्या कडा आणि चासीचे कोपरे यांत बसलेली काळी माती ओल फार काळ धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजवते. धुतल्यावर एक दिवस कडक उन्हात गाडीची दारे उघडी ठेवून ती पूर्ण वाळू द्यावी.

पेट्रोलचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा नाजूक झाला आहे. २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले, की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केटे या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती, म्हणून त्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या बसवून घ्याव्यात. लोखंडी टाकी अर्धी ठेवणे सर्वांत वाईट, कारण रिकाम्या भागात ओल साचून गंज धरतो. टाकी जवळजवळ काठोकाठ भरावी. कार्बोरेटरमध्ये मात्र थेंबही ठेवू नये : पंपाकडून येणारी नळी सोडवून तिचे तोंड बंद करावे आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे. असे न केल्यास त्याचा पिवळट चिकट थर जेटमध्ये आणि फ्लोटच्या सुईवर बसतो. सुई नीट बसेनाशी होते, पेट्रोल ओसंडते, आणि दसऱ्यानंतर प्लग पुन्हा काळे होऊ लागतात.

आता प्लगशी थेट संबंध असलेले काम. इंजिन कोमट असताना चारही प्लग काढावेत. कॉइलची बारीक वायर सोडवून ठेवावी, म्हणजे पेट्रोलच्या वाफेजवळ कुठे ठिणगी उडणार नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्याने एक चमचा, साधारण ५ मिलिलिटर, स्वच्छ इंजिन ऑइल सोडावे आणि गाडीला हँडल असेल तर हँडलने, नसेल तर वरच्या गिअरमध्ये गाडी हळूहळू ढकलून, इंजिन चार-पाच फेरे फिरवावे. त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ लेप बसतो आणि रिंगा गंजाने चिकटत नाहीत. या वेळी प्लगच्या छिद्रांवर वाकून पाहू नये. ऑइलचे शिंतोडे डोळ्यांत उडतात. नंतर छिद्रे बंद करण्यासाठी जुने, टाकाऊ प्लग बसवावेत आणि स्वच्छ केलेले किंवा नवे प्लग कोरड्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह घट्ट झाकण लावून ठेवावेत. चांगले प्लग ऑइल सोडलेल्या सिलिंडरमध्ये पावसाळाभर बसवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही, कारण दसऱ्याला ते ऑइलने माखूनच निघणार.

रेडिएटरसाठी येथे थंडी नसली, तरी गंजरोधक कूलंट योग्य प्रमाणात घालावे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये कधीच घालू नये. त्यातल्या क्षारांनी नळ्या चोंदतात आणि धातू खाल्ला जातो. कूलंटमध्ये मिसळण्यासाठी आणि बॅटरीत टाकण्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

बॅटरी काढून घरात ठेवावी. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.४ च्या खाली गेल्यास ती पुन्हा चार्ज करावी, म्हणजे साधारण महिन्यातून एकदा. सहा व्होल्टच्या जुन्या जीपला हे आकडे निम्मे धरावेत. काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणून काढण्याआधी कोणती वायर कोठे होती याची खूण जरूर करावी.

जागा कशी असावी

गाडीची जागा निवडताना बहुतेक जण फक्त छप्पर पाहतात. माझा पहिला आग्रह आहे, की गाडी जनावरांच्या कोठ्यात किंवा त्याला लागून ठेवू नये. गोमूत्र आणि शेणातून सुटणारा अमोनिया तांबे-पितळेला खातो, आणि जुन्या गाडीचा रेडिएटर, कार्बोरेटरचे जेट आणि वायरींची टोके याच धातूंची असतात. तोच नियम युरिया आणि डीएपीच्या गोण्यांना लागू आहे. नेमके जूनमध्येच खत घरात येते आणि शेडमधली मोकळी जागा म्हणून गाडीशेजारी रचले जाते. खताची धूळ हवेतली ओल ओढते आणि ती धूळ पत्र्यावर बसली, की रंगाखाली गंज सुरू होतो.

जमीन शेणाने सारवलेली किंवा मातीची असेल, तर तिच्यातून चार महिने ओल वर येत राहते. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर फळ्या टाकाव्यात आणि गाडी शक्यतो घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलून ठेवावी. ते जमत नसेल, तर टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरावी आणि महिन्यातून एकदा चाके थोडी फिरवावीत. हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना दगडाची किंवा लाकडाची अडण लावावी. ताडपत्री गाडीवर थेट टाकू नये, तिच्याखाली पाणी सुटते. जुन्या सुती चादरी किंवा सुती कव्हर बरे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस पश्चिमेपेक्षा बराच जास्त असतो, तेथे शेडला आरपार हवा मिळणे विशेष गरजेचे आहे.

कापूस आणि धान्य जेथे असते तेथे उंदीर असतातच, आणि सीटमधला काथ्या व वायरींची आवरणे त्यांना आवडतात. सायलेन्सरचे तोंड आणि एअर फिल्टरची नळी बारीक लोखंडी जाळीने बंद करावी. कुंभारीण माशीही पावसाळ्यात अशा नळ्यांत मातीची घरटी बांधते. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र तिने बुजवले, तर गाडी दोन-तीन किलोमीटर चालून पेट्रोलअभावी बंद पडते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. जे जे बंद केले, त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवावी. उंदरांमागे साप येतात, म्हणून पावसाळ्यात बॉनेटमध्ये किंवा गाडीखाली हात घालण्याआधी टॉर्चने पाहण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी.

मधल्या महिन्यांत करायचे ते थोडेच आहे. महिन्यातून एकदा, कॉइलची वायर सुटलेली ठेवूनच, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि पिस्टन आधीच्या जागेपेक्षा वेगळ्या जागी थांबू द्यावेत. क्लच आणि ब्रेकचे पेडल दहा-बारा वेळा दाबावे. एवढ्याने इंजिन जाम होत नाही. श्रावणात पाच-सहा दिवसांची उघडीप मिळाली आणि डांबरी रस्ता कोरडा असला, तरी ऑइल सोडून बंद केलेली गाडी मध्येच उघडण्याचा मोह टाळावा. ज्यांना पोळ्याला गाडी हवीच असते, त्यांनी ती मुळातच बंद करू नये. दर पंधरा दिवसांनी पूर्ण तापवून चालवत राहावे.

दसऱ्याला गाडी काढताना

हे काम दसऱ्याच्या सकाळी नव्हे, तर त्याच्या तीन-चार दिवस आधी करावे. प्रथम चिठ्ठी वाचून सर्व जाळ्या काढाव्यात, घरटी पाहावीत, वायरी कुरतडलेल्या नाहीत याची खात्री करावी. टाकीच्या तळाचा बोल्ट किंवा नळी सोडवून पहिले लिटरभर पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. थर नसेल, तर ते पेट्रोल चालते. तरी शक्य असल्यास त्यात ताजे मिसळावे.

नंतर जुने प्लग काढून छिद्रांवर फडके टाकावे आणि कॉइलची बारीक वायर सोडवलेली ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे. सिलिंडरमधले जास्तीचे ऑइल फडक्यावर उडून येते आणि प्लग नसल्यामुळे इंजिन हलके फिरून बेअरिंगपर्यंत ऑइलचा दाब पोहोचतो. ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा हलेपर्यंत हे करावे, मध्ये मध्ये स्टार्टरला विश्रांती द्यावी. मगच डब्यातले कोरडे, स्वच्छ प्लग बसवावेत. ते आधी हाताने शेवटपर्यंत फिरवावेत. हाताने फिरत नसेल तर आटे वाकडे लागले आहेत असे समजून परत काढावेत. हाताने घट्ट झाल्यावर, वॉशरचा नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा आणि वापरलेला प्लग त्याहून कमी आवळावा. डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून कोरड्या फडक्याने पुसावी आणि पॉइंटवरून स्वच्छ जाड कागद एकदा ओढून घ्यावा, कारण पावसाळ्यात त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा येतो.

कार्बोरेटर कोरडा असतो, म्हणून पंप हाताने चालत असेल तर त्याने कार्बोरेटर भरून घ्यावा, मग चोक ओढून इंजिन सुरू करावे. दोन-तीन प्रयत्नांत पेटले नाही, तर चोक पुन्हा पुन्हा ओढू नये. त्याने प्लग पेट्रोलने भिजतात. पेट्रोलचा वास येऊ लागला, की चोक पूर्ण आत ढकलून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि इंजिन फिरवावे, म्हणजे जास्त हवा जाऊन सिलिंडर कोरडे होतात. तरीही पेटत नसेल, तर प्लग काढून वाळवावेत आणि एका प्लगची लोखंडी बाजू इंजिनाला टेकवून, प्लगच्या छिद्रांपासून दूर, ठिणगी पाहावी. जाड निळसर ठिणगी चांगली. बारीक पिवळी ठिणगी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल किंवा खचलेल्या बॅटरीची खूण आहे. इंजिन फिरवताना बॅटरीवर ९.६ व्होल्टपेक्षा कमी दाब राहत असेल, तर आधी बॅटरी पाहावी.

सुरू झाल्यावर सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर येईल. तो आपण सोडलेल्या ऑइलचा आणि साचलेल्या पाण्याचा असतो. इंजिन सुरळीत फिरू लागताच चोक क्रमाने आत ढकलावा, ब्रेक आधी अंगणातच तपासून घ्यावेत आणि गाडी रस्त्यावर न्यावी. जागेवर उभी ठेवून धूर संपण्याची वाट पाहू नये.

त्यानंतर तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई सुरू होते आणि या गाड्यांना वरातीसाठी मागणी येते. बँडच्या मागे माणसाच्या चालीने तास-दीड तास सरकणारे इंजिन जवळजवळ सगळा वेळ आयडलिंगवर असते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरलेला असताना तर प्लग तापतच नाहीत. अशी वरात संपल्यावर गाडी तशीच शेडमध्ये लावू नये. त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी तिला दहा-पंधरा किलोमीटर चांगल्या वेगाने फिरवून आणावे, म्हणजे धरलेली काजळी कडक होण्याआधीच जळून जाते. लांबच्या नवरदेवाच्या घरून परत येताना हे आपोआप साधते. वरात गावातलीच असेल तेव्हा मात्र मुद्दाम वेळ काढावा लागतो.

दसऱ्यानंतर दोनएकशे किलोमीटर झाल्यावर प्लग पुन्हा काढून मृगाआधीच्या नोंदीशी ताडून पाहावेत. चारही फिकट तपकिरी असतील, तर पुढच्या मे महिन्यापर्यंत त्यांना हात लावू नये. एकच प्लग अजूनही ऑइलने ओला येत असेल, तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, गेजने मोजावे. ते इतरांपेक्षा स्पष्ट कमी असेल, तर एक चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ऑइल सोडल्यावर कॉम्प्रेशन वाढले तर रिंगा झिजल्या आहेत. वाढले नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट गळते आहे. आणि कॉम्प्रेशन मुळातच चांगले असूनही प्लग ओला येत असेल, तर ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरते आहे. असे निदान हाती असले, की इंजिन उघडण्याचे काम रब्बीची गर्दी संपल्यावर, पुढच्या मृगाच्या आधी करून घेता येते.